अप्पा, पिकअप आणि चार इंच

मी आमची पिकअप चार इंच वर उचलली आणि महिन्याभरानं पुन्हा होती तिथं आणून ठेवली. यात गाडीची काहीच चूक नव्हती.

गोष्ट दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात आमचं भुसार मालाचं दुकान. आजोबा तासगावकडून इथं आले, मूग-हरभरा विकायला बसले आणि मग उठलेच नाहीत. त्यामुळे आम्ही घरात मराठी बोलतो, दुकानात कानडी, आणि भांडताना जी भाषा आधी तोंडात येईल ती. आई गेली तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुकानाची गादी माझ्या हवाली केली. स्वतःकडे एकच काम ठेवलं. रोज सकाळी पिकअपमध्ये माझ्या शेजारी बसून अमरगोळच्या मार्केट यार्डात जायचं आणि माल निवडायचा. डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर पिशवी, डावा कोपर खिडकीबाहेर. यार्डात पोचले की पोत्यात हात घालायचे, चार मूग दाताखाली फोडायचे आणि "घे" किंवा "ओला आहे" एवढंच बोलायचे. त्यावर आमचं दुकान चालत होतं. आणि त्या डाव्या सीटवर अप्पा चालत होते, पण हे कळायला मला जरा उंचावर जावं लागलं.

त्या साली पावसाळा सरता सरता आम्ही मूग बघायला नवलगुंदकडच्या एका गावात गेलो. तिकडची काळी माती पायाला धरली की चप्पल ठेवून घेते. आमच्या पिकअपचं पोट त्या मातीला टेकलं आणि चाकं नुसतीच फिरायला लागली. शेवटी एका शेतकऱ्यानं बैलजोडी आणली. बैलांनी गाडी ओढली, मी मागून ढकलली, आणि अप्पा आत बसून खिडकीतून सगळ्या गावाला नमस्कार करत बाहेर आले. मी मात्र डोक्यापासून पायापर्यंत काळा! घरी आलो तर सुनंदानं, माझ्या बायकोनं, मला दारातच थांबवलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?"

ही बातमी धारवाडला केलगेरीत पोचायला एक दिवस लागला. तिथं माझी अक्का आणि तिचे यजमान राहतात. दाजींकडे लष्कराच्या भंगारातली जीप होती. तिला मोठाले टायर, आणि ते बसावेत म्हणून जीप तीन इंच वर उचललेली. दाजींनी फोन केला.

"राजू, बैलं लावली म्हणे?"

"हो."

"किती?"

"दोन."

"माझी जीप आजवर कुठं रुतली नाही बघ," दाजी म्हणाले. (ते तिला चिखलात कधी नेतच नसत, हे अक्कानं मला पुढं सांगितलं. वेळेवर सांगितलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.)

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. मी सायबर कॅफेत तास तास बसून परदेशातल्या उंच पिकअप बघायला लागलो. तिकडं गाडी उचलायचं चक्क किट मिळतं! खोक्यात सगळं सामान, वर किती इंच ते लिहिलेलं. एका गाडीचा रंगीत फोटो छापून मी दुकानात गादीमागं चिकटवला. अप्पांनी चष्मा पुसून तो नीट पाहिला.

"हे टायर आहेत की विहिरीचे कठडे?"

"टायर, अप्पा."

"आणि आत बसायचं कसं?"

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मी मोठ्यानं हसलो. अप्पाही थोडेसे हसले. तो प्रश्न होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

फोटो घेऊन मी मौलासाब मिस्त्रींकडे गेलो. आमची गाडी तेच बघत. त्यांनी फोटो उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "किट म्हणजे काय री अण्णा? डब्यात येतंय काय?"

"हो. बाहेर देशात."

"हितं डबा न्हाई. हितं मी हाय."

मग त्यांनी हाताच्या काळ्या बोटांवर मला पर्याय समजावले. एक, चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जादा पाटा घालायचा. गाडी वर येते, पण कडक होते, रिकामी असली की उड्या मारते. दोन, पाट्याच्या आणि ॲक्सलच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टनं आवळायचा. पण तो फक्त मागं, पुढं घातला तर ब्रेक दाबल्यावर निसटायची भीती. तीन, पाटा गाडीला टांगणारे शॅकल लांब करायचे. हे स्वस्त, पण गाडी डुलते. मी पंधरा दिवस विचार केला. लग्नाच्या वेळी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा पंधरा मिनिटं केला होता. (हे वाक्य सुनंदा वाचणार आहे. म्हणून सांगतो, निर्णय पंधरा मिनिटांचाच बरोबर आला.)

शेवटी ठरलं. पुढं जादा पाटा, मागं ठोकळे. राहिला प्रश्न इंचांचा.

"दोन इंच भरपूर झालं," मिस्त्री म्हणाले.

"चार."

"चार कशाला री?"

दाजींचे तीन होते म्हणून, हे काही मी सांगितलं नाही. मी रस्ते, माती, नवलगुंद असं बरंच बोललो. मिस्त्रींनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडीत रोज कोण कोण बसतंय?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"हाय की. कुणाचा पाय कुठवर उचलतोय ते बघून गाडी उचलायची असती अण्णा. टायरबी मोठं घालणार, त्याचं दीड इंच आणि वेगळं."

"मी बसतो," मी म्हणालो. "माझा पाय उचलतो."

मिस्त्रींनी खडूनं भिंतीवर मोठा चार काढला.

गाडी खंडेनवमीला तयार झाली. त्या दिवशी दुर्गदबैलात हातगाडीपासून ट्रकपर्यंत जे जे चाकावर आहे त्याची पूजा असते. आमच्या पिकअपला झेंडूच्या माळा, पुढं दोन केळीचे खुंट, चाकांखाली चार लिंबं. आमच्याकडे रीत अशी की घरातल्या थोरल्यानं कोहळा फोडायचा, मग पहिल्यांदा गाडीत बसायचं आणि बाजाराला एक फेरी मारून यायचं. सगळी आळी बघायला जमली होती. आमची गाडी शेजारच्या टेम्पोंमध्ये अशी उठून दिसत होती की मला भाषण करावंसं वाटत होतं. केलगेरीहून दाजी आले होते. ते गाडीच्या बाजूला उभे राहून टेप नसल्यामुळे वितीनं मोजत होते. माझ्या आयुष्यातला तो फार मोठा क्षण होता!

अप्पांनी कोहळा फोडला. डाव्या दाराशी आले. दार उघडलं. उजवा पाय उचलला, खाली ठेवला. डावा उचलला, खाली ठेवला. मग वाकून चाकाखालचं लिंबू नीट केलं, जे आधीच नीट होतं. कुणीतरी म्हणालं, "अप्पावरे, स्टूल आणू?"

"स्टुलावर चढायला मी काय दिवा बदलतोय?" अप्पा म्हणाले. लोक हसले. मग टोपी सारखी करून त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "दरवर्षी मीच बसतो. या वर्षी पहिला मान सूनबाईंचा. घरची लक्ष्मी आधी बसू दे."

टाळ्याच टाळ्या! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सत्तरीचा माणूस, आणि किती पुढारलेले विचार! तेच स्टूल आणून सुनंदाला त्यावर उभं केलं. ती इरकली साडी सावरत चढली, अर्ध्यात अडकली, अक्कानं खालून ढकललं, मी वरून ओढलं, आणि घरची लक्ष्मी गुडघ्यांवर गाडीत दाखल झाली. फेरीभर ती मला काहीतरी सांगत होती.

"अहो, मामंजी..."

"बघितलंस ना? तुला किती मान दिला!"

"तसं नाही, त्यांचा पाय..."

"पाया पड त्यांच्या घरी गेल्यावर," मी म्हणालो. नव्या पाट्यांमुळे गाडी इतक्या उड्या मारत होती की पुढचं तिचं ऐकूच आलं नाही. संध्याकाळी सुनंदानं अप्पांच्या गुडघ्यांसाठी तेल गरम केलं. मला वाटलं, मानाची परतफेड चालली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉर्न वाजवला तर अप्पा चपला घालून कोपऱ्यावर पोचलेले.

"तू हो पुढं. मी बसनं येतो."

"बसनं? कशाला?"

"चार माणसं भेटतात."

मी दुकानात येईल त्याला सांगायला लागलो की आमचे अप्पा या वयात चालतात, बसनं जातात, लोकांत मिसळतात. समोरच्या कापडवाल्यानं स्वतःच्या वडिलांना हे उदाहरण दिलं आणि त्यांच्या घरी दोन दिवस अबोला झाला. चार-सहा दिवसांनी अप्पा म्हणाले, "आता माल तूच बघत जा. किती दिवस माझ्या दातांवर चालणार?" आणि ते आठवड्यातून दोनदाच यायला लागले. मी रात्रीच्या जेवणाला सुनंदाला गदगदून सांगितलं, "अप्पांनी माझ्यावर विश्वास टाकला गं!"

तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "तुम्ही जेवा."

त्या विश्वासाच्या भरात मी हिरवागार दिसला म्हणून ढीगभर मूग घेतला. घरी आणून पोतं उघडलं तर आत ऊब! ओला! सगळा मूग गच्चीवर पसरावा लागला. सुनंदा दिवसभर काठी घेऊन उन्हात बसली आणि हुबळीतली सगळी कबुतरं आमच्याकडे जेवायला आली. अप्पा गच्चीवर आले, एक दाणा उचलून दाताखाली धरला आणि कबुतरं हाकलायला बसले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तिकडं यार्डात हमालांनी माझ्याशी असहकार पुकारला होता. पाठीवर पोतं घेऊन हमाल गाडीकडे पाठ करतो आणि जरासा मागं रेलतो. गाडीची मागची फळी कमरेशी असल्यामुळे पोतं आपोआप आत सरकतं. आयुष्यभर त्यांची पाठ त्या उंचीला सरावलेली. माझ्या गाडीची फळी आता त्यांच्या पाठीच्या मधोमध येत होती. पोतं आत जायच्या ऐवजी हमालच पोत्याखाली बसत होता. गुंडप्पा म्हणून त्यांचा म्होरक्या होता, अप्पांचा तीस वर्षांचा दोस्त. तो मला म्हणाला, "अण्णा, ही गाडी हाय का माळा? शिडी तरी ठेवा की!" मी त्याला जमिनीपासूनच्या उंचीचं महत्त्व पटवून द्यायला गेलो. तो निघून गेला.

एक दिवस माल भरायला लावून मी चहाला गेलो. गॅस संपल्यामुळे चहा नव्हता, म्हणून लगेच परतलो. शेडच्या मागच्या बाजूला माझी पिकअप उभी होती आणि तिथून गुंडप्पाचा आवाज येत होता. "हत्त्री अप्पावरे, हत्त्री! सावकाश चढा. डावा हात वर धरा. हां. आता पाय."

मी शेंगांच्या थप्पीआड थांबलो. अप्पांनी टोपी काढून पिशवीत ठेवली होती. एका हातानं दाराची कड धरून, उजवा पाय कसाबसा वर टेकवून ते लोंबकळत होते. डावा पाय जमिनीवरून सुटत नव्हता. त्यांनी पाय खाली घेतला, गुडघा चोळला, पुन्हा वर टेकवला.

"काल यापेक्षा वर गेलो होतो," अप्पा म्हणाले.

"काल न्हवं, परवा," गुंडप्पा म्हणाला. "अप्पावरे, मुगाचं पोतं असतात तर कवाच चढवलं असतं तुम्हाला."

"मग चढव की पोत्यासारखं!"

"आणि राजू अण्णांनी बघितलं तर?"

"त्याला कशाला सांगतोस? पंधरा दिवस फोटो बघत होता पोरगा. हौसेनं केलंय त्यानं. जमेल मला आठ-दहा दिवसांत."

मला हसू यायला हवं होतं. यार्डात पोत्यांच्या आड उभं राहून मी रडलो, हे सांगायला आता लाज वाटत नाही. कधीपासून कोण जाणे, हा माणूस लोकांची नजर चुकवून माझ्या गाडीत चढायचा सराव करत होता. शेजारच्या सीटवर बसता यावं एवढ्यासाठी! आणि मी त्यांच्या पुढारलेपणाची, व्यायामाची आणि विश्वासाची बाजारभर जाहिरात करत फिरत होतो. मिस्त्रींनी विचारलं होतं, सुनंदा सांगत होती, अप्पांनी तर फोटो बघूनच विचारलं होतं. फक्त दाजींच्या जीपपेक्षा एक इंच वर जायचं म्हणून मी माझ्याच बापाला गाडीतून खाली उतरवून ठेवलं होतं.

मी लांब जाऊन मुद्दाम खोकत खोकत परत आलो. तोवर अप्पा टोपी घालून हरभरा चावत उभे होते.

"चहा झाला?"

"झाला," मी म्हणालो.

त्या दुपारीच गाडी मौलासाबांकडे नेली. मी म्हणालो, "उतरवा."

"पायरी लावून देऊ काय? दोन तासांचं काम."

"नको. पायरी लावली तर त्यांना कळेल, की मला कळलंय."

मिस्त्री उठले. आतून जुने टायर आणले. "मी टाकले न्हवते," ते म्हणाले. "खंडेनवमीला आलो होतो न्हवं मी पेढे खायला. अप्पावरेंनी लिंबू सारखं केलं तवाच ठेवून दिले बाजूला." म्हणजे सगळ्या आळीत ते लिंबू कळलं नव्हतं असा मी एकटाच होतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉर्न वाजवला. अप्पा कोपऱ्याकडे निघालेले थांबले. गाडीकडे बघितलं. डाव्या दाराशी आले, दार उघडलं, पाय उचलला आणि आत बसले. पिशवी मांडीवर, कोपर खिडकीबाहेर. स्टेशन रस्ता येईपर्यंत अप्पा ओळखीच्यांना नमस्कार करत होते.

"का रे उतरवलीस?" शेवटी त्यांनी विचारलं. "छान दिसत होती."

"हमाल कुरकुर करत होते, अप्पा."

"हं. त्या गुंडप्पाला उंची जमत नाही," अप्पा म्हणाले.

"वय झालं त्याचं."

"तर काय."

एवढंच. यानंतर त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. त्या दिवशी त्यांनी दोन पोत्यांना "ओला" म्हटलं आणि मला जगात सगळं जागच्या जागी असल्यासारखं वाटलं. पुढच्या पावसाळ्यात नवलगुंदच्या त्याच गावात, त्याच मातीत, गाडी पुन्हा रुतली. तोच शेतकरी, तीच बैलजोडी. मी चिखलात उतरलो, आणि अप्पा खिडकीतून हात जोडत गावातून बाहेर आले. दाजींचा फोन आला तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, "दोन!"

अप्पांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या वर्षापर्यंत ते यार्डात येत होते. गुंडप्पाच्या खांद्यावर हात ठेवून हिंडायचे.

मी स्वतः साठीला टेकलोय. मागच्या खंडेनवमीला आमच्या चिरंजिवांनी नवी गाडी आणली. ट्रॅक्टरच्या शेजारी लावली तर ट्रॅक्टर लहान दिसावा अशी उंच! माळा घातल्या, लिंबं ठेवली, आळी जमली. थोरला म्हणून मी कोहळा फोडला आणि डाव्या दाराशी गेलो. उजवा पाय उचलला, खाली ठेवला. डावा उचलला, तोही खाली ठेवला. मग वाकून चाकाखालचं लिंबू नीट केलं.

"बाबा, स्टूल आणू?"

"काही नको," मी टोपी सारखी करत मोठ्यानं म्हणालो. "या वर्षी पहिला मान सूनबाईंचा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. आपले बाबा काळाच्या किती पुढं आहेत, हे त्यानं तिथल्या तिथं चार जणांना सांगितलं. गर्दीत उभ्या असलेल्या सुनंदानं माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि ती गुडघ्याचं तेल गरम करायला घरात गेली.